भुईने विचारलं, घरात कोण हाय

चिमण वरठ्याला पिक्चर कधी पुरता कळला नाही, आणि म्हणूनच तो झकास सांगायचा. ज्याला कळतं तो दोन वाक्यांत आटपतो. ज्याला कळत नाही त्याला पडद्याच्या चादरीशेजारी उभं राहून तीन तास बोलावं लागतं.

वेवजीत त्याचा पाडा. तिथून तलासरीच्या अंगाला आणि पलीकडे गुजरातच्या हद्दीपर्यंत जेवढे पाडे, तिथे लग्न असलं, बारसं असलं, कोणी नवं घर बांधलं की चिमणचं पिक्चरचं मशीन यायचं. दोन ताडांच्या मध्ये चादर ताणायची आणि खालच्या टोकांना दगड बांधायचे, नाहीतर वारा सुटला की हिरोचं तोंड वाकडं व्हायचं. तरणा असताना तो संजाणच्या एका व्हिडिओवाल्याची पेटी डोक्यावरून वाहायचा. मधे एक हंगाम नरपडला होडीवर काढला, पण दर्यात गेला की पोटातलं सगळं वर यायचं. शेवटी होडीच्या तांडेलानेच त्याला किनाऱ्यावर उतरवलं आणि पुन्हा तोंड दाखवू नकोस म्हणाला. पुढे घरोघरी टीव्ही आले, व्हिडिओवाल्याचा धंदा बसला आणि मशीन चिमणकडे आलं.

बोलणं मात्र ठरवून सुरू झालं नाही. दोन हजार चौदाच्या लग्नसराईत एका मांडवात पहिल्याच गाण्याला भोंगा जळाला. चादरीवर माणसं तोंडं हलवतायत आणि आवाज नाही. वऱ्हाडी ताडी पिऊन बसलेले, ते मशीन मोडायलाच उठले. चिमण जीव वाचवायला एका रिकाम्या पिंपावर चढला आणि तोंडानेच सांगायला लागला, आमच्या बोलीत. ही बाय कोण, हा कोण, हा हसतो पण याच्या मनात दुसरंच हाय. लोक खाली बसले. दुसऱ्या दिवशी नवरदेवाच्या बापाने त्याला बजावलं की भोंगा दुरुस्त केलास तरी बारीकच ठेव, बोलायचं तूच. तेव्हापासून पिक्चर हिंदी असो, इंग्रजीचं हिंदी केलेलं असो, पाड्यांवर तो चिमणच्या तोंडून आमचाच होऊन यायचा. त्याची बायको मालू सगळ्यांना सांगायची, माझ्याशी दिवसात चार शब्द बोलत नाय, चादरीशी बघा कसा बोलतो.

या कामाचा एक नियम होता. बघणारा मधेच प्रश्न विचारणार, आणि सांगणाऱ्याने तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. ‘पुढं कळेल’ हे एका पिक्चरला एकदाच चालायचं. दुसऱ्यांदा म्हटलं की मागून कोणीतरी बोलणार, ह्याला पण माहीत नाय. आणि एकदा असं बोललं गेलं की पिंपावरून उतरायचं. म्हणून पिक्चरला जिथे जिथे भोक पडलेलं असेल तिथे चिमण आपल्याकडचं ठिगळ लावत जायचा.

सगळ्यात जास्त प्रश्न त्याच्या थोरल्या बहिणीचे, नवशीचे. आई गेली तेव्हा चिमण रांगत होता. नवशीने त्याला कडेवर वाढवलं, त्याच्यापायी आपलं लग्न उशिरा केलं आणि नवरा वारल्यावर दिलेल्या घरातून परत याच पाड्यावर येऊन राहिली. ती भगताचं ऐकायची नाही, डॉक्टरचं अर्धं ऐकायची, सरकारचं तर मुळीच नाही. चिमणचं मात्र ऐकायची, कारण तो खोटं बोलला की तिला कळायचं. लहानपणापासून खोटं बोलताना चिमणचा उजवा हात मानेमागे जायचा, जशी काय तिथे मुंगी चावली. आणि पिक्चर सांगताना त्याचा हात कधी मानेवर गेला नाही. जाणार कसा? एका हातात माइक, दुसऱ्या हातात माणसं दाखवायची बॅटरी. नवशी आपलं गोणपाट घेऊन सगळ्यांच्या पुढे बसायची आणि पडद्यापेक्षा भावाकडे जास्त बघायची.

दोन हजार सतराच्या दिवाळीनंतर तो पिक्चर आला. तलासरीत हायवेच्या कडेला भाविकचं मोबाइलचं दुकान होतं, चिमणला पिक्चर तोच भरून द्यायचा. भाविक म्हणाला, काका, हा लई मोठा हाय, आभाळ पण हाय, भुई पण हाय, करोडो घातलेत. चिमणने घरी एकदा बघितला आणि डोकं धरून बसला. कुठल्या तरी देशात शास्त्रज्ञ भुईत खोल एक मशीन सोडतात, ते भुईची ऊब ओढून घेतं. त्या उबेवर होडी आभाळात जाते, नवी भुई शोधायला. इथवर ठीक. पण शास्त्रज्ञाची पोरगी अर्ध्यात मरते, तिला पुरतात, आणि थोड्या वेळाने ती रांधणीत उभी राहून कॉफी पिते. होडी निघायच्या आधीच परत आलेली दिसते. मशीन पहिल्यांदा पापी, मग त्याच मशीनपुढे सगळे हात जोडून रडतात, मग कोणीतरी म्हणतं की मशीनने काही होत नाही, माया पायजे. मायेने काय होतं ते काही दाखवत नाहीत. शेवटी भुई हलते, अख्खं शहर खाली जातं आणि त्या सगळ्यात एका म्हाताऱ्याचं घर तेवढं उभं राहतं. म्हातारा दारात येतो, आभाळाकडे बघतो, आणि नावं सुरू. हा म्हातारा आधी कुठेच नव्हता.

तरी चिमणने आपल्याच पाड्यावर लावला. पोरगी जिवंत दिसली तेव्हा त्याने सांगितलं की ही तिची जुळी, मामाकडं होती. होडीचं विचारलं तर म्हणाला, ही दुसरी, ह्यांच्याकडं दोन हायत. शेजारच्या लाहूने विचारलं की मशीन चांगलं का वाईट ते एकदा सांग. चिमण म्हणाला, ज्याचं हाय त्याला चांगलं. लोक हसले आणि तेही भोक बुजलं.

मग म्हातारा आला आणि पिक्चर संपला. कोणी उठेना. गोणपाटावरून नवशीने विचारलं, “डोकरा कसा वाचला?”

‘पुढं कळेल’ म्हणायला पुढे काही उरलंच नव्हतं. तेवढ्यात कोणीतरी परगावचा पाहुणा चिमणच्या शेजारणीच्या, जिवलीच्या अंगणात उभा राहून हाक देत होता, घरात कोण हाय? आमच्याकडे रीत अशी की अंगणात कोणी हाक दिली तर कितीही काम असो, आतून ‘हाय’ म्हणायचं. आतून आवाज आला नाही तर पाहुणा उंबऱ्यापाशी न येता निघून जातो, घर रिकामं समजतो. जिवली आतून ओरडली, हाय मी. चिमणने ते ऐकलं आणि त्याला उत्तर सापडलं.

तो म्हणाला, भुई गिळायच्या आधी विचारते. ती गुरगुरते ना, ती रागाने नाय, ती दारोदार विचारत येते, घरात कोण हाय? शहरातली माणसं घर टाकून पळाली, कोणी आवाज दिला नाय. भुईला वाटलं रिकामी घरं हायत, घेतली पोटात. डोकरा घरात होता. घराच्या खांबाला, मेढीला हात लावून म्हणाला, हाय मी. भुई पुढच्या घरी गेली.

लोकांनी मान हलवली. कोणी काही विचारलं नाही. नवशीने गोणपाट झटकलं आणि घरी गेली. त्या वर्षी तो पिक्चर इतक्या पाड्यांवर मागितला गेला की चिमणला तो पाठ झाला. खरं तर पिक्चर त्याच्या ध्यानातून गेला. पाठ झालं ते ठिगळ.

पुढच्या वर्षी दिवाळी झाली, घराघरांतला फराळ संपला, भात झोडून कणग्यांत गेलं, आणि भुई हलली.

पहिल्यांदा सगळ्यांना जवळच्या दगडखाणीतला सुरुंग वाटला. जमिनीखालून ढुम्म असा आवाज, पाठोपाठ भांडी वाजली, कोंबड्या खुराड्यात एकमेकींवर चढल्या. मग खाण बंद असतानाही आवाज आला. मग दिवसाचे कितीही येऊ लागले. डहाणूकडून साहेब आले, मोजायचं यंत्र बसवून गेले. का होतंय असं विचारलं तर म्हणाले, अभ्यास चालू आहे. किती दिवस चालेल, तर सांगता येत नाही. लाहू म्हणाला की हा साहेब पिंपावर दोन मिनिटं टिकला नसता.

कारवीच्या काठ्या-मातीच्या कुडाची घरं हलायची आणि परत आपल्या जागी बसायची. भेगा गेल्या त्या विटांच्या घरांना. नवशीचं घर दोन्हीतलं होतं. पुढची ओटी बापाच्या वेळची, कुडाची, सागाच्या मेढीवर उभी. मागची खोली घरकुलाच्या पैशातून उमेशने, तिच्या पोराने, विटांची बांधलेली. उमेश कंपनीच्या कामाला हद्दीपलीकडे असायचा आणि आठवड्याने यायचा. घरात नवशी, सून वर्षा आणि वर्षाची तान्ही पोरगी. मागच्या भिंतीला वरच्या कोपऱ्यातून भेग सुटली आणि थंडी पडेपर्यंत ती इतकी उघडली की पलीकडचा पेंढा दिसायला लागला.

एका सकाळी जिवली हसत चिमणकडे आली. म्हणाली, तुझी बहीण येडी झाली, भुई वाजली की मेढीला धरून ‘हाय मी’ म्हणते. चिमणही हसला. दोन दिवसांनी आवाज आला तेव्हा त्याने आपल्याच घरातून ऐकलं, पलीकडे जिवली बोलली, हाय मी. तेव्हा तो हसला नाही.

माघात एक धक्का असा आला की ताडावरची मडकी खाली पडली. सरकारने माळावर तंबू दिले. सगळ्यांनी रात्री तंबूत झोपायचं असं फर्मान निघालं. लोक गेले. थंडीने पोरं खोकायला लागली तरी गेले. नवशी गेली नाही. आणि ती नाही तर वर्षाही नाही, कारण सासूला एकटं टाकून सून तंबूत झोपली असं उमेशच्या कानावर गेलं तर काय, ही वर्षाला धास्ती. वर्षा एका दुपारी चिमणच्या दारात पोर घेऊन उभी राहिली. तिने फार काही सांगितलं नाही. मामा, ती भिंत आमच्या हांथरुणाच्या वर हाय, एवढंच म्हणाली.

चिमण गेला. नवशी ओटीवर सुपातले खडे वेचत होती. त्याने सांगितलं की तंबूत चल. ती म्हणाली, मग घरात कोण राहील? त्याने सांगितलं की ते तसं काही नसतं. ती म्हणाली, तूच सांगितलंस. तेव्हा त्याला सरळ सांगणं भाग पडलं.

“नवशीबाय, ते मी जुळवलेलं. पिक्चरमध्ये नव्हतं तसं. जिवलीकडं पाहुणा आला, त्याची हाक ऐकून जुळवलं.”

नवशी खडे वेचायची थांबली आणि त्याच्या हाताकडे बघायला लागली. चिमणने खाली बघितलं. त्याचा उजवा हात खाली नव्हताच. मानेमागे गेलेला.

खरं सांगायचं तर लहानपणी चिमण भ्यायल्याशिवाय कधी खोटं बोलला नव्हता, त्यामुळे भ्यायची आणि खोट्याची खूण एकच होऊन बसली होती. आता तो भ्याला होता. पण हे नवशीला कसं सांगणार?

“मला तंबूत न्यायला खोटं बोलतोस,” ती म्हणाली. रागाने नाही. पुन्हा सूप हातात घेतलं. “तेव्हा बोललास तेव्हा तुझा हात कठं होता, ते मी बघितलेलं.”

चिमण तडक तलासरीला भाविककडे गेला. त्याला वाटलं, पिक्चरचा कुठेतरी खरा उलगडा असेल, पुढचा भाग असेल, डोकरा कसा वाचला ते बनवणाऱ्याने सांगितलं असेल. ते नवशीला दाखवलं की झालं. भाविकने त्याला स्टुलावर बसवलं, चहा मागवला आणि मोबाइलवर शोधायला लागला. शोधता शोधता त्याला हसू आवरेना. जगभरची माणसं हाच प्रश्न विचारत होती. पोरगी जिवंत कशी झाली, होडी आधी कशी आली, आणि म्हातारा कोण, तो का वाचला? कोणी म्हणत होतं तो देव, कोणी म्हणत होतं सगळं स्वप्न. कोणी नुसत्या शिव्या घातल्या होत्या.

“बनवणाऱ्याला विचारलंय एकाने,” भाविक म्हणाला. “तो बोलला, ज्याने त्याने आपापलं समजायचं. काका, त्यालाच ठाऊक नाय. तुमचं उत्तर टाकू का? याच्यात तुमच्यासारखं बसणारं कोणाचंच नाय.”

चिमणने चहा अर्धा टाकला. हायवेवरून ट्रक जात होते आणि स्टूल थरथरत होतं. दर थरथरीला तो दाराकडे बघत होता. जगात एवढी शिकलेली माणसं, आणि या भोकावर ठिगळ फक्त त्याचं.

परतताना त्याने दुसरी युक्ती काढली. तोडायचं तर जिथे जोडलं तिथेच तोडावं. त्याने माळावर तंबूंच्या मध्ये चादर बांधली आणि सांगितलं की तोच पिक्चर लावतो. नवशी येणार हे त्याला माहीत होतं. ती आली, गोणपाट घेऊन, पुढे बसली. या खेपेला चिमणने मनात पक्कं केलं होतं. म्हातारा दारात आला की सांगायचं, हा मेलेला हाय. घरात बसून राहिला म्हणून मेला, आणि आता भूत होऊन दारात उभा हाय. ज्याला जगायचं तो पळाला.

पण सुरुवातीलाच गाडं अडलं. पोरगी रांधणीत दिसली आणि चिमणने तोंड उघडायच्या आत मागून चार-पाच जण बोलले, जुळी, मामाकडची. होडी आली तर पोरं ओरडली, दुसरी. तो जे जे मागच्या वर्षी बोलला होता ते सगळं लोक त्याच्याआधी बोलत होते, त्याच चालीत. त्याचं तोंड नुसतं हलत होतं. चादरीवरच्या माणसांचं हलायचं तसं.

म्हातारा दारात आला. चिमण माइकवर म्हणाला, हा मेलेला हाय. मग लाहू उठून उभा राहिला आणि अगदी समजुतीने म्हणाला की चिमण, दमलास तू, ही गोष्ट अशी नाय.

तेवढ्यात भुई वाजली.

चादर हलली, म्हातारा तिच्यावर वाकडा झाला. आणि माळावर बसलेली सगळी माणसं, बाया, पोरं, एका तोंडाने बोलली, “हाय!” मोठ्याने नाही. घरात पाहुण्याला म्हणतात तेवढ्याच आवाजात. नवशी तेवढी बोलली नाही. ती गोणपाट तिथेच टाकून घराकडे पळत होती, कारण वर्षाही पिक्चरला आलेली, घरात कोणीच नव्हतं.

चिमण तिच्यामागे धावला आणि तिला अंगणात गाठलं. तिला धाप लागली होती. मेढीला हात लावून ती आत बोलत होती, हाय, हाय, आले मी. त्या वेळी त्याला उमगलं की गोष्ट मोडून ही बाहेर येणार नाही, गोष्टीतूनच काढावी लागेल. तो म्हणाला, मी बसतो तुझ्या जागी. घराला आवाज देणारा पायजे ना? मी देतो. तू पोरीला घेऊन तंबूत जा.

नवशीने त्याच्या हाताकडे बघितलं. हात खाली होता. तिने ओटीवरची चटई त्याच्यासाठी झटकली आणि गेली.

तर असा चिमण वरठा बहिणीच्या घरात राहायला लागला. मालू भाकर आणून द्यायची आणि उंबऱ्याबाहेरूनच सरकवायची. म्हणायची, बंगल्याचा राखणदार झालास. वर्षा तंबूत झोपायला लागली आणि तिचा चेहरा निवळला. पहिल्या आवाजाला चिमण गप्प राहणार होता. माळावर झोपलेल्या नवशीला कुठे ऐकू येतंय! पण ढुम्म झालं, पायाखालची माती सरकल्यासारखी वाटली, आणि त्याने स्वतःच्याच तोंडातून ऐकलं, “हाय मी.” मेढीवर त्याचा हात कधी गेला ते त्याला कळलं नाही. घर हलून थांबलं. मागच्या भिंतीतून माती भुरभुर गळाली. आणि चिमणला, ज्याने हे सगळं जुळवलं होतं त्याला, असं वाटलं की बाहेर अंगणात कोणीतरी थांबलं होतं आणि आता निघून गेलं.

त्यानंतर तो दर वेळी आवाज द्यायला लागला. मग त्याला स्वतःची भीती वाटायला लागली. पाड्यातले लोक रात्री तंबूत झोपत, पण एकेक जण गुपचूप घरी येत होता, आवाज देण्यापुरता कोणीतरी घरात ठेवत होता. बहुतेक घरात म्हातारं माणूस ठेवलं जायचं. ज्याला उठायला वेळ लागतो असं. हे लक्षात आलं तेव्हा चिमणचं जेवण गेलं.

त्याने विचार केला. दिवसात इतके धक्के येतात, दहातल्या दहांनी काही पडत नाही. एका धक्क्याला सगळ्यांदेखत गप्प राहायचं. घर उभं राहिलं की सगळ्यांना दिसेल, आवाजाचा आणि घराचा काही संबंध नाय. त्याने भर दुपारी नवशीला, लाहूला, जिवलीला अंगणात बोलावलं. म्हणाला, बसा इथे, भुई वाजली की काय होतं ते बघा. काय दाखवणार ते सांगितलं नाही. लाहूने विचारलं, नवा पिक्चर हाय काय? चिमण म्हणाला, जुनाच हाय. बोलणारा नाय एवढंच.

आत जाऊन तो मेढीपाशी उभा राहिला. हात छातीवर बांधले. बाहेर तिघं बसली होती, लाहू विडी ओढत होता, जिवली काहीतरी सांगत होती आणि नवशी भुईकडे कान देऊन होती. ऊन कलायला लागलं तरी काही झालं नाही. लाहू उठायच्या बेतात होता.

मग आवाज आला. चिमणने दात आवळले. जीभ आत नुसती उड्या मारत होती, पण त्याने तोंड उघडलं नाही. घर हललं. हलून थांबायचं तिथे थांबलं नाही. दुसऱ्यांदा हललं, आडवं, सुपासारखं, आणि मागची भिंत एक मोठा श्वास सोडल्यासारखी होऊन आत आली. जिथे वर्षाचं हांथरूण असायचं तिथे विटांचा ढीग झाला. कौलं पुढच्या ओटीपर्यंत घरंगळली, त्यातलं एक चिमणच्या उजव्या खांद्यावर बसलं. मेढ आणि पुढचा कूड उभा राहिला. धूळ इतकी की त्याला दार दिसेना. तो अंगणातल्या हाकांच्या दिशेने बाहेर आला.

अंगणात तिघं उभी होती. धूळ खाली बसली. मग जिवलीने विचारलं, “तू आवाज नाय दिलास?”

चिमणच्या डोक्यात लख्ख पडलं की अजून वाट हाय. आवाज दिला आणि तरी भिंत पडली, असं म्हटलं की गोष्ट मेली. एक खोटं, आणि सगळी म्हातारी माणसं उद्या घराबाहेर.

“दिला होता,” तो म्हणाला. “हाय म्हणालो मी. तरी पडली.”

खांद्यातून कळ गेली म्हणून असेल, किंवा असंच असेल, त्याचा उजवा हात वर उठला आणि मानेमागे गेला. नवशीने तो हात बघितला. लाहूला, जिवलीला त्यातलं काही कळलं नाही, पण त्यांनी नवशीचं तोंड बघितलं, आणि तेवढं पुरलं.

नवशी त्याच्यावर चिडली नाही. तिने पदराने त्याच्या खांद्याचं रक्त पुसलं, लहानपणी पुसायची तसं, आणि म्हणाली की तुझं काम नव्हतं ते, मीच चुकले, दुसऱ्याच्या जिवावर घर सोडलं. मग ती आत गेली आणि ओटीवरची कौलं बाजूला करायला लागली.

त्या संध्याकाळी पाड्यावर खबर फिरली. चिमण वरठा मुका राहिला आणि भिंत पडली. अंधार पडायच्या आधीच लोक तंबूंतून निघाले, डोक्यावर गोधड्या, हातात पोरं, आणि आपापल्या घरात गेले. पोलीस पाटलाने ओरडून बघितलं, कोणी थांबलं नाही. वर्षा तान्हीला घेऊन तंबूच्या दारात थोडा वेळ उभी राहिली, चिमणकडे बघितलं आणि मग तीही मान खाली घालून सासूच्या घराकडे चालायला लागली. मालू म्हणाली, मी पण जाते, आपलं घर मोकळं हाय. तिने त्याला चल म्हटलं नाही.

माळावर रिकामे तंबू आणि चिमण. चादर अजून दोन बांबूंना तशीच होती, खालचे दगड सुटलेले. थंडी होती. त्याने चूल पेटवली नाही.

भुई वाजली, फार मोठी नाही. खालच्या टोकाच्या घरातून पहिला आवाज आला, हाय. मग लाहूचा. मग जिवलीचा. मालूचा आवाज त्याने ओळखला. एकेक घर बोलत गेलं, वरच्या टोकापर्यंत, आणि सगळ्यात शेवटी, अर्ध्या पडलेल्या घरातून, नवशीचा आला. चिमणने तेव्हा कुठे श्वास सोडला.

मग तो कान देऊन बसला, पुढच्या आवाजासाठी. भुई लवकरच पुन्हा वाजली, आणि जरा मोठ्याने. खालचं घर बोललं. लाहू बोलला. जिवली बोलली. मालू बोलली. वरची घरं बोलली.

चिमण उठून उभा राहिला आणि नवशीच्या आवाजाची वाट बघू लागला.